मिरजेची समिती

यवतमाळला कधी जावं, असं मी निघण्यापूर्वी चार माहीतगारांना विचारलं होतं. एकाने नोव्हेंबर सांगितला, दोघांनी जानेवारी सांगितला आणि चौथ्याने "जायलाच पाहिजे का?" असं उलट मलाच विचारलं. मी मे महिना निवडला.

यात वेडेपणा नव्हता. मी सहलीला चाललो नव्हतो. तिथे राहायला जायचं की नाही, ते ठरवायला चाललो होतो. चप्पल मी संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घेतो, म्हणजे पुढे चावत नाही. भाड्याचं घर भर पावसात बघतो. गावाचंही तसंच. हिवाळ्यात सगळी गावं शहाण्यासारखी वागतात. ज्याच्याशी जन्म काढायचा, त्याला एकदा चिडलेलं बघून घ्यावं, असं माझं मत. आमच्या लग्नाआधी ही सोय नव्हती, असं यावर सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

मिरजेजवळच्या एका सूतगिरणीत मी कापूस तपासनीस होतो. आलेल्या गाठीतून पुंजका उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि तंतूची लांबी, ओल, कचरा ठरवायचा. वीस-बावीस वर्षं हेच केलं. गेल्या दिवाळीनंतर गिरणीचा भोंगा वाजला नाही. मग यवतमाळच्या एका जिनिंगवाल्यांचा जुन्या ओळखीतून निरोप आला. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना. त्यांना खरेदीच्या वेळी कापूस पारखणारा माणूस हवा होता. महिनाअखेरपर्यंत कळवा, म्हणाले.

दुसरा रस्ताही होता. सुनंदाच्या भावाचं सांगलीला फरशीचं दुकान आहे. तो दर रविवारी येऊन म्हणायचा, "दाजी, या की आमच्याकडं. काउंटरला बसायचं फक्त. वर पंखा आहे." पंखा आहे, हे तो कधीच विसरायचा नाही. त्या पंख्याखाली बसून गिऱ्हाइकाला 'ही डिझाइन दाखवू का ती' असं विचारत मी म्हातारा होतोय, असं मला स्वप्नात दिसू लागलं होतं.

नातेवाइकांनी यवतमाळचं नाव ऐकलं आणि चेहरे पाडले. "नको रे बाबा तिकडं," मावशी म्हणाली, "पेपरात रोज कायकाय येतं." कापसाचं आणि कापूसवाल्यांचं फार वाईट चाललेली ती वर्षं होती; पेपरात येत होतं ते खोटं नव्हतं.

"मिरजेचं तरी पेपरात काय येतं?" सुनंदा म्हणाली. "पूर नाहीतर अपघात. आपण राहतोच की."

मी तयारी म्हणून लाकडी पट्टीवरचा, भिंतीला टांगायचा एक तापमापक विकत घेतला. ऐकीव उष्णतेवर माझा विश्वास नाही.

"ताप आलेल्या माणसाला थर्मामीटर लावतात," सुनंदा म्हणाली. "गावाला लावणारा माणूस मी आज बघितला."

यवतमाळ

रेल्वेने धामणगाव आणि तिथून एसटीने यवतमाळ. त्या प्रवासाविषयी एवढंच सांगतो, की खिडकी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटायचं आणि लावली की आपण भट्टीत बसलोय असं.

स्टँडवर पोह्यांची गाडी होती. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं येतं. इथे गाडीवाल्याने पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओतली. आम्ही कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाच्या शेजारची माणसं, तिखटाचा थोडा अभिमान बाळगून असतो. दुसऱ्या घासाला मी तो अभिमान तिथेच ठेवला. गाडीवाल्याने माझं नाक बघून विचारलं, "पाहुणे दिसता जी. कुठचे?"

"मिरजेचे."

"मे मदे आले?" त्याने तर्रीचा डाव खाली ठेवला. "काही वाईट झालं काय घरात?"

अंत्यविधीशिवाय मे महिन्यात या गावात कोणी परगावचा येत नाही, हे मला नंतर कळलं. आमच्या हातात भरपूर सामान होतं आणि चेहऱ्यावर दुःख नव्हतं, म्हणून तो गोंधळला होता.

मालकांनी आमची राहण्याची व्यवस्था कांताबाईंकडे केली होती. कांताबाई निवृत्त नर्स. साठीच्या, उंच, आवाज वॉर्डभर पोचेल असा. मुलगा नागपूरला, म्हणून मागच्या दोन खोल्या त्या भाड्याने देत. आम्ही चार रात्री राहून बघायचं आणि पसंत पडली तर तीच खोली कायमची घ्यायची, असं ठरलं होतं. खोली स्वच्छ होती. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर भला मोठा कूलर बसवला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बाजूला एक रिकामा खिळा. मी तापमापक लगेच तिथे टांगला. दिवेलागणीची वेळ होती. एकोणचाळीस.

मग मी माझे प्रश्न सुरू केले. पाणी किती दिवसाआड येतं? किती वेळ? टाकी किती लिटरची? कूलरला दिवसाला किती बादल्या लागतात? मे महिन्यात कमी पडतं का?

कांताबाईंचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. एखादं दुकान फळ्या लावून बंद करतात तसा.

"पाण्याचंच विचारून राह्यले न तुमी?" त्या म्हणाल्या. "मंग आधीच सांगून टाकते. आमी बौद्ध. मागचे भाडेकरू होते न, आठ दिवसानं त्यायले समजलं. नवव्या दिवशी म्हने, बाई, पान्याचा लय त्रास हाय. न गेले खोली सोडून. टाकी तं वरून वाहून राह्यली होती."

माझे सगळे प्रश्न खरे होते आणि सगळे चुकीचे वाटत होते. मी "तसं नाही, तसं नाही" म्हणत राहिलो, आणि तसं असणारा माणूसही नेमकं हेच म्हणतो, हे मला बोलताबोलताच कळत होतं.

सुनंदाने पदर खोचला. "बाई, चहा तुम्ही टाकता की मी टाकू? ह्यांचं पाण्याचं चाललंय ना, ते खरंच पाण्याचंच आहे. मला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांना यांनी विहीर किती फूट म्हणून विचारलं होतं. वडिलांना वाटलं, मुलगी पसंत नाही."

कांताबाईंनी माझ्याकडे नव्याने बघितलं. दवाखान्यात एखादा वेगळाच रोग आला की बघतात तसं.

"मंग हजार लिटरची हाय टाकी," त्या म्हणाल्या. "विश्वास नसंल तं चढून पाहा."

मी चढलो. लोखंडी शिडी सूर्य मावळल्यावरही हाताला चटके देत होती. टाकी हजारचीच होती. खाली येऊन मी तसं सांगितलं, तेव्हा दोघी स्वयंपाकघरात चहा पीत होत्या आणि इतक्या हसल्या, की माझा चहा निवला.

कारखाना

मालकांची मुलाखत म्हणजे मी समजत होतो तसं काही नव्हतं. त्यांनी कापसाविषयी एक शब्द विचारला नाही. "झोप लागली का? कूलरच्या वाऱ्याची बाजू मिळाली का?" एवढंच. त्यांच्या खोलीत कूलरसमोरची एक खुर्ची पाहुण्यांसाठी असते आणि तिच्यावर बसलेला माणूस उठायला तयार होत नाही, त्यामुळे सगळे करार लवकर होतात, असं ते हसत म्हणाले.

हंगाम संपत आला होता. अंगणात उरलेल्या कापसाचा एकच ढीग होता. मी सवयीने बाही सारून त्यात कोपरापर्यंत हात घातला. वरचा कापूस कडक वाळलेला, आतला थोडा थंड. पुंजका काढला, ओढला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच माझी बोटं काहीतरी बोलली. ओल सात टक्क्यांच्या आसपास, तंतू चांगला लांब. मी इतका वेळ तो ओढत उभा राहिलो, की सुनंदा म्हणाली, "अहो, सोडा आता. त्याला लागतंय."

दुपारी हे शहर नाहीसं होतं. आमच्याकडे दुकानदार दुपारी जेवायला जातो. इथे दुपारी रस्ताच घरी जातो. उरतात ती तोंडाला दुपट्टे गुंडाळलेली माणसं, फक्त डोळे दिसणारी, आणि तरीही एकमेकांना ओळखून हाका मारणारी. कांताबाईंनी सुनंदालाही दुपट्टा बांधून दिला. मी माझ्याच बायकोला दोन वेळा ओळखलं नाही. तिने ते आनंदाने मिरवलं.

पांढरकवड्याच्या वाटेवर

कापूस जिथून येतो ते गाव बघावं म्हणून मालकांनी जीप दिली. श्यामभाऊ चालवायला. पांढरकवड्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून आम्ही आत वळलो. साग निष्पर्ण, खांबांसारखा उभा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून बांधावर रचलेल्या, आणि नांगरलेल्या काळ्या रानाला अशा भेगा, की त्यात माझी छत्री मुठीपर्यंत गेली. (मी घालून बघितली.)

एका गावात जीपचं पाणी उकळलं. श्यामभाऊ बादली शोधायला गेले. मी समोरच्या कडुलिंबाला तापमापक टांगला आणि पारावर बसलेल्या माणसाला विचारलं, "इथल्या विहिरीला किती फुटांवर पाणी आहे?"

तो माणूस ताडकन उठला. "खुर्च्या आना रे!"

दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. एक मला, एक 'मॅडम'साठी. त्याचं नाव देवराव. वय माझ्याएवढं, कोरडवाहू शेती, आणि बोलण्यात सराव झालेल्या माणसाची सफाई. "विहीर पंचेचाळीस फूट, पानी बेचाळीसवर. दवाखाना नऊ किलोमीटर, डॉक्टर मंगळवारी. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. अजून काय लिवून घेता साहेब? कोनती समिती? मुंबईची का दिल्लीची?"

"समिती नाही हो. मी मिरजेचा."

देवराव मागे वळून ओरडला, "मिरजेची बी समिती निघाली रे!"

त्या वर्षांत त्या भागात समित्या फार येत होत्या. पाहणी पथकं, पेपरवाले, अभ्यास करणारे. त्यामुळे लेखणी खिशाला लावलेला, परक्या बोलीचा, पाण्याची पातळी विचारणारा माणूस म्हणजे समिती, हे गावाने पक्कं केलं होतं. त्यात माझ्याजवळ यंत्रही होतं. मी जितकं नाकारत होतो तितकी त्यांची खात्री वाढत होती.

"मागचेही असंच म्हनत होते," देवराव समजुतीने म्हणाला. "आमी सहज आलो, तुमी मोकळं बोला. चाला साहेब, फोटोची जागा दाखवतो. इथं उभं राहा. मांगं विहीर बी येते न तोंडावर सावली बी राह्यते. सकाळची समिती असंल तं आमी तिकडून घेतो."

"फोटोचं यंत्र नाही माझ्याजवळ."

"नाही?" त्याला माझी दया आली. "गरीब समिती दिसते."

तेवढ्यात त्याची आई पाण्याचा गडवा घेऊन आली. वाकलेली, पण जीभ ताठ. तिने गडवा पुढे केला नाही, पारावर ठेवला. "राहू दे बाप्पा. हे नाही पेनार. यायची आपली शिशी राह्यते, झाकनाची."

सुनंदाने काही न बोलता गडवा उचलला, वरून ओतून गटागटा प्यायली आणि अर्धा माझ्या हातात दिला.

"समितीवाले पेत नाही आमचं पानी," म्हातारी देवरावाला म्हणाली. "तू नीट इचारलं काय?"

मग भाकर, चून आणि कांदा आला. चून म्हणजे आपला झुणका, पण त्याला मिरचीचं बेसन म्हणावं की बेसनाची मिरची, हे ठरवणं कठीण. नाकातून धार लागली तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. जेवण झाल्यावर लिंबाखालच्या बाजेवर जरा पाठ टेकली, आणि पुढचं मला आठवत नाही.

जागा झालो तेव्हा भोवती माणसं बसली होती आणि देवराव निकाल सांगत होता. "हा समितीवाला नाही. घोरला."

सगळे हसले. माझी 'साहेब' ही पदवी त्या क्षणी गेली आणि मी 'भाऊ' झालो. "आता आमची समिती," देवराव खुर्चीवर बसत म्हणाला. मी बाजेवरच होतो. "सांगा भाऊ. कायले आले इकडं? काम सोडलं काय तिकडचं?"

"गिरणी बंद पडली."

"काहून?"

मी समजावून सांगितलं. कापूस घेऊन सूत काढलं तर सुताला जो भाव येतो, त्यात कापसाचा खर्चही निघत नाही. कापूस महाग पडतो.

देवरावने ऐकून घेतलं. "आमी म्हनतो कापूस स्वस्तात जाते. तुमी म्हनता महागात पडते. कापूस तं एकच हाय न भाऊ? मंग मधात जाते कुठी?"

मी आकड्यांचा माणूस. गाठीत किती टक्के कचरा, किती ओल, ते मी बोटांनी सांगतो. पण मधात किती जातं, ते या बोटांना कधी लागलं नव्हतं.

"राहू द्या," देवराव म्हणाला. "याच्यावर एक समिती बसवू."

पुन्हा हशा झाला. म्हातारी मात्र हसली नाही. ती सुनंदाशेजारी बसली होती, तिच्या बांगड्या चाचपत. "पाहाले तं सगळेच येतेत माय," ती म्हणाली. "चांगली मानसं राह्यतात, वाईट नाही. इचारतेत, लिवतेत, डोये बी पुसतेत. राहाले कोनी येते काय?"

सुनंदाने तिचा तो चाचपणारा हात आपल्या हातात धरला. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही; हे आमच्याकडे क्वचित घडतं.

हो, लिंबाखाली चव्वेचाळीस होतं. निघताना देवरावने पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हे आमच्या गावाचं हाय, का फक्त या झाडाचं?"

निरोप

शेवटच्या सकाळी कांताबाईंनी आमरस आणि सरगुंडे केले. सरगुंडे म्हणजे काडीवर वळलेल्या, बोटाएवढ्या जाड पोकळ शेवया. त्यांतून आमरस ओढला तर तो नाकात जातो, हे मी स्वतः करून सिद्ध केलं.

सामान रिक्षात चढलं. आता खोलीचं बोलायला हवं होतं. मी घसा साफ केला. पाणी पुरेसं, टाकी हजारची, नोकरी चांगली, मालक सरळ; उन्हाळा मात्र भयंकर, घरची माणसं लांब, आणि सांगलीला पंखा. माझी बेरीज अजून झाली नव्हती. म्हणून मी जे खरं होतं तेच म्हणालो, "मिरजेला गेल्यावर विचार करून कळवतो."

"कळवा न," कांताबाई हसून म्हणाल्या. "सगळे कळवतोच म्हनतात."

मी रिक्षात बसलो. सुनंदा "माझा चष्मा राहिला" म्हणून आत गेली आणि चष्मा डोळ्यांवर असतानाच बाहेर आली. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मिरज

पोचलो त्याच संध्याकाळी सगळे जमले. मावशी, मेहुणा, शेजारचे. चेहरे पाडून, पुढे सरसावून बसलेले. मला क्षणभर वाटलं, आता यांच्यासाठी खुर्च्या मागवाव्यात आणि फोटोची जागा दाखवावी.

"फार वाईट आहे का रे तिकडं?" मावशीने विचारलं.

"वाईट आहे," मी म्हणालो. "आणि आमरसही आहे."

"घर कुणाचं?"

"कांताबाईंचं," सुनंदा म्हणाली. "नर्स होत्या. बौद्ध आहेत."

मावशीने पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "आणि पाण्याचं कसं आहे?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. "टाकी हजार लिटरची आहे, मावशी. ह्यांनी चढून बघितलीय."

"दाजी," मेहुणा म्हणाला, "ऊन किती होतं ते सांगा की. आणि आपला काउंटर आहेच. वर..."

"थांब," मी म्हणालो, "दाखवतोच." तापमापकाची पट्टी समोर ठेवून एकेक आकडा सांगायचा माझा बेत होता. पिशवी उपसली. कपड्यांच्या घड्या उलगडल्या. तापमापक नव्हता.

"खिळ्याला आहे," सुनंदा म्हणाली.

"विसरलीस?"

"विसरेन कशी? ठेवून आले." ती कपड्यांच्या घड्या पुन्हा घालू लागली. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना जागेवर, तसं. तुम्ही कळवतो म्हणालात आणि त्या बाईंचा चेहरा बघितलात का? मला काय, दुपट्टा बांधायला येतो आता."

मी माझी राहिलेली बेरीज मनात शोधली. ती कुणीतरी आधीच करून ठेवली होती. मेहुणा पंख्याचं बोलायचा होता, तो विसरला.

तेवढ्यात फोन वाजला. सुनंदाने घेतला, "हो बाई, पोचलो, हो," म्हणाली आणि माझ्याकडे दिला.

"भाऊ, तुमचं यंत्र त्रेचाळीस दाखवून राह्यलं," कांताबाई वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, तुमाले लागत असंल."

"सावलीत, की उन्हात?" मी विचारलं.

"खोलीत जी," त्या म्हणाल्या. "तुमच्या."